चौघांत चोर कोणी व्हायचं

चोर व्हायला कोणी तयार नव्हतं. भांडण तिथूनच सुरू झालं.

गेवराईत हायवेला लागून माझं ब्युटी पार्लर आहे आणि सोमवारी ते बंद असतं. त्या सोमवारी दुपारी शटर अर्धं वर करून, कूलर लावून, फेशियलच्या खाटेवर चादर अंथरून आम्ही तिच्याभोवती बसलो होतो. मामेभावाने पुण्याहून गावाकडे परत येताना एक खेळ आणला होता. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि जिथे काय होईल ते सांगता येत नाही तिथे फासा टाकायचा. आकडा मोठा पडला की टाकणाऱ्याचं काम फत्ते. फासासुद्धा नेहमीचा नाही. वीस बाजूंचा, जांभळा, बोराएवढा. गोष्ट मामेभाऊ सांगणार होता. आम्ही चौघांनी आपापलं माणूस निवडायचं होतं.

"टोळीत चार माणसं चार कामाची पायजेत," मामेभाऊ म्हणाला. "एक ढालकरी. त्यानं म्होरं उभं ऱ्हायचं अन् मार खायचा. एक वैद्य. एक मांत्रिक, तो लांबून जाळ फेकतो, पर अंगात जीव कमी. एका फटक्यात बी जाऊ शकतो. अन् एक चोर."

"चोर कावून?" वहिनीने विचारलं. वहिनी म्हणजे मामेभावाची बायको.

"कुलपं उघडायला. जमिनीत कुठं फास लावलाय ते वळखायला. म्होरं जाऊन बघून यायला."

"मी न्हाई बाई. माझ्या माहेरी कळलं तर काय म्हणतेल? मी आपली वैद्य."

"मी मांत्रिक," माझा धाकटा भाऊ म्हणाला. तो खुर्चीत पाय वर घेऊन बसला होता आणि हे त्याचं त्या दिवसातलं पहिलं वाक्य होतं.

तो मांत्रिक म्हणताच मी ढालकरी झाले. विचार करायला वेळच लागला नाही. चौथा आमच्यात एक वायरमन होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग धाकट्याकडे, आणि खाली मान घालून म्हणाला, "मी बी ढालकरीच. मी म्होरं ऱ्हातो."

"अरे ह्याला टोळी म्हणतेत का बे?" मामेभाऊ वैतागला. "दोन ढाली, एक वैद्य, अन् मधी एकटा मांत्रिक. कुलपं काय फुकानं उघडायची? खड्ड्यात कोण पडणार पयला?"

"कोणी का पडंना," मी म्हटलं. "तू गोष्ट सुरू कर."

मला खेळातलं काही कळत नव्हतं असं नाही. पार्लर चालवणाऱ्या बाईला कामांची वाटणी कोणी शिकवू नये. थ्रेडिंगला बसवायची ती मुलगी वेगळी, मेहंदीला वेगळी, आणि नवरीच्या आईशी बोलायला मी स्वतः. तिघींना मेहंदी येत असेल आणि साडी नेसवता एकीलाही येत नसेल, तर नवरी परकर-पोलक्यात मांडवात जाईल. हे मला माहीत होतं. पण मला त्या दिवशी चांगली टोळी नको होती. मला धाकटा जिवंत हवा होता, खेळातसुद्धा.

मागच्या गळिताच्या हंगामात धाकटा कारखान्यावर ऊस टाकून रिकाम्या ट्रॉल्या घेऊन परत येत होता. शेजारी मडगार्डवर त्याचा मित्र बसला होता. आमच्याकडे ट्रॅक्टरवर कोणी एकटा जात नाही, मडगार्ड ही बसायचीच जागा समजतात. पुलाच्या वळणावर चाक खड्ड्यात गेलं, मित्र खाली पडला आणि मागची ट्रॉली त्याच्यावरून गेली. जागच्या जागी गेला, असं आम्हाला सांगण्यात आलं. धाकट्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. मित्राच्या घरच्यांनी पोलिसांपुढे आणि गावापुढे एकच सांगितलं, त्याची काही चूक नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलं. त्या दिवसापासून धाकटा बोलायचा बंद झाला. विचारलं तर 'हं', नाहीतर 'न्हाई'. ट्रॅक्टर मामाच्या गोठ्यापुढे ताडपत्रीखाली गेला, आणि मी आईला आणि त्याला गावातून उचलून गेवराईला आणलं. तो पार्लरमागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायचा. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. आईने काय काय केलं ते मी लिहीत नाही, तिला आवडणार नाही.

आणि तो वायरमन म्हणजे त्या मेलेल्या मित्राचा थोरला भाऊ.

त्याला आम्ही बोलावलं नव्हतं. खेळाला चौथा माणूस कोण, अशी आमची चर्चा चालली होती, तेवढ्यात शटरखालून दोन पाय दिसले. खाकी पँट, पायात वीज मंडळवाल्यांचे जाड बूट. मग तो वाकला आणि डोकं आत घालून म्हणाला, "आत येऊ का? बाहेर पाटी हाय, फक्त महिलांसाठी." माझ्या तोंडचं पाणी पळालं. धाकट्याने त्याला त्या दिवसानंतर पाहिलंच नव्हतं. तो आत आला, टोपी काढून हातात धरली आणि म्हणाला, "ऐकलं का तुमी कायतरी खेळताव. मला घेता का?" नाही कोण म्हणणार? धाकटा उठून मागच्या खोलीत जाईल याची मी वाट बघत होते. तो गेला नाही. फक्त माणसं निवडून झाल्यावर त्याने मामेभावाला विचारलं, "ह्यात मेलेला माणूस परत येतो का?"

"काही लोक तसं खेळतेत. मंतरून आणायचा," मामेभाऊ म्हणाला.

"परत येणार असंल तर मी खेळत न्हाई. मेला तो मेला."

मामेभावाने माझ्याकडे पाहिलं. मी काय मान हलवणार? नियम ठरला. मेला तो मेला.

गोष्ट एका पुरातन बारवेची होती. पायऱ्या खाली खाली जातात, प्रत्येक टप्प्यावर दारं आणि दगडी राखणदार, आणि सगळ्यात तळाला कोणा राजाने कोंडून ठेवलेलं गावाचं पाणी. ते सोडवायचं. मामेभाऊ सांगायचा छान, हात नाचवून, आवाज बदलून. हायवेवरून वाळूचा हायवा डंपर गेला की खाटेवरचा फासा थरथरायचा, तेही तो गोष्टीत घ्यायचा: "ऐका, खाली कायतरी जागं झालं."

पहिल्या सोमवारी धाकटा चार वाक्यं बोलला. पुढच्या सोमवारी तो आम्हाला हुकूम सोडू लागला. "ताई, तू डावीकडं हो. वहिनी, तुमी पायरीवरून खाली उतरू नका." मांत्रिकाच्या तोंडाने तो बोलत होता, हे मला कळत होतं. पण आवाज त्याचाच होता ना! पुढे एकदा जेवताना तो आईला म्हणाला, "आमटीत मीठ कमी हाय," आणि आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. मीठ आणायला गेली होती ती.

त्यामुळे मांत्रिकाच्या जिवाची मला किती काळजी लागली होती ते कोणाला सांगायची सोय नव्हती. तो मेला तर हा पुन्हा भिंतीकडे वळेल, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. मी मामेभावाला बाजूला घेऊन सांगितलं, "त्याला मारायचं न्हाई."

"अक्के, मी कुठं मारतो? फासा मारतो."

"मग फासा लपव."

त्याने लपवला. माझा दरपत्रकाचा बोर्ड होता, थ्रेडिंगपासून नवरीच्या मेकअपपर्यंत सगळे दर लिहिलेला. तो आडवा उभा करून त्यामागे तो फासे टाकू लागला. राखणदाराचा वार मांत्रिकावर आला की बोर्डामागे फासा खुळखुळायचा आणि मामेभाऊ म्हणायचा, "हुकला."

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण आमच्यात चोर नव्हता, आणि बारवेत पावलापावलाला कुलूप. आम्ही दोन ढालकरी दारं ढालीने फोडायचो, त्या आवाजाने खालचं सगळं जागं व्हायचं आणि आम्ही मार खायचो. वहिनी औषधं वाटून वाटून दमायची. शेवटी मामेभावाला दया आली आणि दाराशेजारच्या खुंटीला किल्ली टांगलेली सापडू लागली. एक दार झालं, दोन झाली. तिसऱ्या दाराशी धाकटा म्हणाला, "हा राजा लई येडा व्हता. कुलूप लावून किल्ली तिथंच टांगून गेला." आम्ही हसलो. तो हसला नाही.

आमच्या भागात खुरपणीला बायका ओळीने बसतात. प्रत्येकीची एक पात, म्हणजे तिच्या वाट्याच्या दोन-तीन ओळी. एखादी आजारी असेल, पोटुशी असेल, तिचा हात चालत नसेल, तर दोन्ही बाजूंच्या बायका आपली पात खुरपता खुरपता तिच्यातलं थोडं थोडं ओढून घेतात. बोलत कोणी नाही. तिनेही बोलायचं नसतं. सगळ्या जणी एकदमच बांधाला लागतात आणि मालकाला कळत नाही. यात मला आजही वाईट काही दिसत नाही. आम्ही धाकट्याची पात ओढत होतो, एवढंच. फक्त आम्ही बसलो होतो पार्लरमध्ये, जिथे चारी भिंतींना आरसे आहेत.

मार्च लागला होता. कूलर नुसता गरम वारा फेकत होता. टोळी बारवेच्या मधल्या टप्प्यावर होती, वरून दगडी भाला सुटला आणि नेमका मांत्रिकावर. बोर्डामागे फासा खुळखुळला.

"हुकला," मामेभाऊ म्हणाला.

"वीस," धाकटा म्हणाला.

"काय?"

"वीस पडलेत. मागच्या आरशात दिसतंय. उलटं दिसलं तरी वीसच हायेत." तो मामेभावाकडे बघत नव्हता. समोरच्या आरशातून माझ्याकडे बघत होता. "अन् ताई तुला डोळ्यानं खुणावती, ते बी दिसतंय. कवापासून?"

वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"आई आजारी व्हती तवा बाया तिची पात ओढायच्या," धाकटा म्हणाला. "मी आजारी हाय का?"

"हाईस," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. माझी जीभ अशीच आहे, आधी चालते, मग विचारते. पण आता मागे कुठे घ्यायचं? "हाईस तू आजारी. साल होत आलं. आमी काय करावं? बघत बसावं?"

"माझी पात माझ्याकडं ऱ्हाऊ दे!" तो ओरडला. आई मागच्या दारात येऊन उभी राहिली. मी तिला हाताने थांबवलं. "मागं पडलो तर पडलो. ह्या खेळात तर मला मरू द्या. इथं बी मलाच वाचिवताव!"

'इथं बी' हे दोन शब्द त्याने वायरमनकडे पाहून म्हटले की तसंच म्हटले, ते मला सांगता येणार नाही. पण वायरमन उठला. त्याने दरपत्रकाचा बोर्ड उचलला, भिंतीला टेकवून ठेवला आणि फासा चादरीच्या मधोमध ठेवला. "उघड्यावर टाका," म्हणाला.

मला त्याचा असा राग आला की विचारू नका. याचं काय जातं, असं मनात आलं. मग आठवलं, याचं काय गेलंय ते.

धाकट्याने मग टोळी नव्याने लावली. एखाद्या मुकादमासारखा, कोणाला न विचारता. दोन ढाली एका दारात एकमेकींना अडतात, म्हणाला, एक पुरे. ढाल दादाकडे, म्हणजे वायरमनकडे, राहू दे. वहिनी वैद्य बऱ्या आहेत, पण त्यांनी मांत्रिकाच्या पाठीशी चिकटून राहायचं बंद करायचं, ज्याला लागलंय त्याच्याकडे जायचं. मार जो खातो त्याला औषध, जो भितो त्याला नाही. मांत्रिक मागेच राहील, पण त्याच्यापुढे कोणी भिंत होऊन उभं राहायचं नाही, नाहीतर त्याला समोरचं दिसत नाही आणि तो जाळ फेकणार कुठे? हे त्याने कधी विचार करून ठेवलं होतं कोण जाणे. भिंतीकडे तोंड करून पडल्या पडल्याच असेल.

"अन् ताई चोर."

"मी?"

"तुजे कान लांब हायेत. कोनाच्या घरात काय शिजतंय ते तुला त्या घराच्या आधी कळतं. अन् तू म्होरं गेल्याबिगर ऱ्हात न्हाईस."

वहिनी फस्सकन हसली. मला लागलं, पण खोटं काय होतं त्यात? मी चोर झाले.

आणि टोळी चालू लागली हो. मी पुढे जायचे, फरशी ठोकून बघायचे, फास दाखवायचे, कुलपं गुपचूप उघडायचे. दारं फोडणं बंद झालं तसे खालचे राखणदार झोपलेलेच सापडू लागले. वायरमन एकटा दार अडवून उभा राहायचा, धाकटा त्याच्या खांद्यावरून जाळ फेकायचा. दोघं खेळात किती बोलायचे! "दादा, वाका." "वाकलो, टाक." खेळ संपला की वायरमन टोपी घालून निघून जायचा. चहालासुद्धा थांबायचा नाही. फासे उघड्यावर पडत होते आणि प्रत्येक फाशाला माझा जीव वरखाली होत होता. मांत्रिकाला दोनदा लागलं. एकदा अगदी थोडक्यात वाचला. त्या आठवड्यात मला झोप नव्हती.

एप्रिलच्या एका सोमवारी आम्ही तळाला पोचलो. शेवटचं दार मी उघडलं होतं आणि दारापलीकडे पाण्याचा आवाज येत होता. पण दाराच्या अलीकडे, शेवटच्या पायऱ्यांवर, सगळ्यात मोठा दगडी राखणदार जागा झाला. वहिनीची औषधं संपली होती. धाकट्याकडे एकच जाळ उरला होता, तो त्याने टाकला आणि तो हुकला. मग राखणदाराचा वार वायरमनवर आला. फासा सगळ्यांसमोर पडला. एकोणीस.

"ढालकरी पडला," मामेभाऊ सावकाश म्हणाला. "जीव हाय अजून. पर उठता येत न्हाई. राखणदार त्याच्याकडं चाललाय. तुमी तिघं दारात हाव. एक पाऊल टाकलं की पल्याड."

हिशेब सरळ होता. तिघं वाचत होते, पाणी सुटत होतं, गोष्ट संपत होती. ढालकरी असतोच त्यासाठी.

"चला," मी म्हटलं. "पल्याड जायचं. भाऊ, चालंल ना?"

"चालंल की," वायरमन म्हणाला. "जावा तुमी."

"मी माघारी जातो," धाकटा म्हणाला.

"जाऊन काय करशील?" मामेभावाने विचारलं. "जाळ संपलाय."

"त्याला उचलतो."

हायवा गेला. फासा हलला. या वेळी मामेभावाने ते गोष्टीत घेतलं नाही.

"हे बघ," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज गोष्ट सांगण्याचा नव्हता, "तुझ्यात एका फटक्याचा जीव हाय. उचलायला गेलास की राखणदार आधी तुला मारणार. फासा तूच टाकायचा. पंधराच्या वर पडले तर उचलून आणशील. खाली पडले तर..."

"कळलं मला."

"नको," वायरमन म्हणाला. पहिल्यांदाच मी त्याला धाकट्याच्या डोळ्यांत बघताना पाहिलं. "माझं मी बघतो. तू जा पल्याड."

"न्हाई, दादा."

मी त्याचा हात धरला. शपथ घालणार होते, आईला हाक मारणार होते, काय वाट्टेल ते करणार होते. त्याने माझी बोटं एक एक करून सोडवली आणि फासा टाकला. फासा चादरीच्या सुरकुतीत अडकला, कलंडला, थांबला.

दोन.

मामेभावाने माझ्याकडे पाहिलं. बोर्ड भिंतीला टेकलेला होता. आता लपवायला काही नव्हतं. "मांत्रिक गेला," तो कसाबसा म्हणाला.

मी धाकट्याचा चेहरा बघत होते. आता उठेल, मागच्या खोलीत जाईल, भिंतीकडे वळेल, पुन्हा ते 'हं' आणि 'न्हाई'. मी मनातल्या मनात त्याला धरून ठेवत होते. तो उठला नाही. फाशाकडे बघत बसला. आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाला,

"त्या दिशी म्या उचललं न्हाई, दादा."

वायरमनने टोपीकडे नेलेला हात मागे घेतला.

"ट्रॅक्टर बंद केला. खाली उतरलो. अन् बसलो. बांधावर बसलो. माझे पायच चालंनात. लोक येईस्तोवर बसूनच व्हतो. लई येळ." त्याने मान वर केली. "तो जित्ता व्हता, दादा."

सालभर ज्याच्या तोंडून एक शब्द यावा म्हणून मी देव पाण्यात घातले होते, त्याच्या तोंडावर हात ठेवावा असं मला त्या क्षणी वाटलं. जागच्या जागी गेला, असं साऱ्या गावाला माहीत होतं. त्याच्या आईला तेवढाच आधार होता. आणि हा कोणाला सांगतोय ते? वहिनी मामेभावाच्या मागे सरकली. मागच्या दारातून आईचा श्वास ऐकू येत होता.

वायरमनने विचारलं, "काय म्हणाला?"

"पाणी मागत व्हता."

"तू दिलंस?"

"न्हाई. कॅन ट्रॅक्टरलाच टांगलेला व्हता. मला उठताच आलं न्हाई."

वायरमन उठला. खुर्ची मागे कलंडली. मी दोघांच्या मध्ये गेले. वायरमन उंच, दांडगा माणूस, खांबावर चढणारे हात. मला वाटलं आता हा मारतो. मारलं असतं तर मी अडवलं असतं की नसतं, मला खरंच माहीत नाही. त्याने मला दंडाला धरून बाजूला केलं, जोराने नाही, आणि तो कोपऱ्यातल्या जारकडे गेला. स्टीलचा पेला घेतला. तोटी दाबली. पेला भरेपर्यंत आम्ही सगळे त्या पाण्याच्या आवाजाकडे कान लावून उभे होतो.

तो परत आला आणि पेला धाकट्यासमोर धरला.

"पी."

"दादा, मी..."

"आधी पी. मी कावून येतो दर सोमवारी, तुला काय वाटलं? खेळायला? त्याच्यापाशी तूच व्हतास. दुसरं कोन व्हतं? मला समदं ऐकायचंय. तो काय काय बोलला, कुनाचं नाव घेतलं, समदं. पी अन् सांग."

धाकट्याने दोन्ही हातांनी पेला धरला. तो त्याच्या दातांवर वाजत होता, निम्मं पाणी शर्टावर सांडलं. उरलेलं तो प्यायला आणि सांगू लागला.